हातभर कोरी साखळी

तात्या,

तुमच्या लेकीचं, सुनंदाचं पत्र मंगळवारी हातात पडलं. तोवर तुम्ही जाऊन आठ दिवस झाले होते. ते आठ दिवस मी इथं केरळच्या किनाऱ्यावर नेहमीसारखा कामाला जात होतो, भात जेवत होतो, एकदा तर कुणाच्या तरी गमतीला पोट धरून हसलोही. दिवस मोजून पाहिले तर ज्या दुपारी हसलो त्याच दुपारी तुम्हाला सांगलीत नदीकाठी नेलं होतं. मला त्याची काही कुणकुण कशी लागली नाही, याचंच मला राहून राहून नवल वाटतं.

सुनंदानं लिहिलंय, 'दादा, तात्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला यायला तुला रजा मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. चार ओळी लिहून पाठव, मी वाचून दाखवीन. फौंड्रीतली सगळी येणार आहेत. मालक अण्णाही येणार आहेत.'

शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. कारण फौंड्रीत तुमच्या नावावर एक चूक लागलेली आहे आणि ती चूक माझी आहे. तुम्ही असताना मी ती बोललो नाही. आता ती तुमच्या नावाबरोबर तशीच जाऊ द्यायची का, एवढंच मला ठरवायचं आहे. तीन कागद फाडले. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी दाराची कडी लावून परत तीनदा ओढून बघणारा माणूस. पण चौथा कागद फाडणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. तुम्ही ऐकत राहा, चुकलं तर टोका.

तेव्हा कोयना धरणाच्या पाण्यावर बापू ठेकेदारांचा तराफा चालायचा. पाटणकडून वर गेलं की पाण्यापल्याड जी गावं आहेत त्यांना सिमेंट, पत्रे, कधी एखादी जीपसुद्धा पोचवायची. पल्याड धक्का नव्हता, सगळा चिखल. म्हणून माल उतरेस्तवर तराफा नांगर टाकून धरून ठेवावा लागे. ती साखळी माझ्या ताब्यात. मी वडूजकडचा, मेंढरांमागं वाढलेला, सातवीत अपूर्णांकांना भिऊन शाळा सोडलेला. आमच्या रानात प्यायला पाणी नाही आणि मी धरणावर कामाला. बापू सगळ्यांना हसून सांगायचे, "धनगराच्या पोरानं नांगर धरला, त्यो बी पाण्यात!"

साखळी सोडायच्या आणि ओढायच्या यंत्राला विंडलास म्हणतात, हे मला इथं आल्यावर कळलं. तिथं आम्ही त्याला रहाट म्हणायचो. त्याच्या लोखंडी चाकाला कडीच्या आकाराचे खळगे असतात. साखळीची कडी त्या खळग्यात बसली तर चाक साखळीला धरतं. नाही बसली तर चाक आपलं फिरत राहतं आणि साखळी आपल्या वाटेनं जाते. आमचं ते चाक तडकलं. तराफा जुना, किनाऱ्याकडून आणलेला, त्याचे भाग कुठं मिळेनात. बापू म्हणाले, सांगलीला एका फौंड्रीत म्हातारा पॅटर्न मेकर हाय, लाकडाचा नमुना करतो, त्यावरनं लोखंड वततात. जा.

तडकलेलं चाक पोत्यात घालून मी यष्टीनं आलो. तुम्ही चाकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"साखळी कुठाय?"

"साखळी तराफ्यावर हाय की."

"बैल न बघता जू करायला आलायस व्हय रं? जा. हातभर तुकडा घिऊन ये."

मी वर मान करून तुमचं टेबल पाहिलं. सागवानाचा भुसा झाडून एका कोपऱ्यात लावलेला. पटाशा पुसून ओळीनं ठेवलेल्या. तुम्ही पांढरा सदरा घालून काम करत होता आणि त्यावर एक डाग नव्हता. आमची साखळी म्हणजे चिखल, गंज, शेवाळ, मेलेले मासे. ती या टेबलावर ठेवायची या विचारानंच मला लाज वाटली. म्हणून परत जाऊन मी तुकडा कापला तो साखळीच्या आतल्या टोकाचा. पेटीच्या तळाशी पडलेलं, कधी पाणीच न बघितलेलं टोक. कड्या काळ्याभोर, कोऱ्या. त्यातही मी त्या चिंध्यांनी पुसल्या. पाहुण्याच्या घरी जाताना धुतलेलं धोतर नेसावं तसं.

चूक झाली ती इथं. कामातली साखळी ताण खाऊन, एकमेकींवर घासून लांबलेली होती. एकेक कडी अर्धा अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. डोळ्याला दिसत नाही. मला तेव्हा साखळी लांबते हेच ठाऊक नव्हतं. लोखंड कसं लांबेल?

तुम्ही तुकडा हातात घेतला, खिडकीकडं धरून पाहिला आणि विचारलंत, "समदी साखळी अशीच हाय न्हवं?"

माझ्या मनात आलं, नाही म्हटलं तर परत पाटण, परत बापूंच्या शिव्या. मी म्हणालो, "व्हय तात्या. समदी येकसारखी."

ते खोटं. तुकडा कोऱ्या टोकाचा आहे हे मी लपवलं. चूक अजाणता झाली, पण हे जाणून.

त्यानंतरचे चार दिवस मात्र माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते आणि ते आठवताना मला आनंद होतो, हे लपवून काय उपयोग? बापूंनी मला चाक घेऊनच परत यायला सांगितलं होतं, म्हणून मी तुमच्याकडंच राहिलो. सुनंदाच्या आईच्या हातचं कांद्याचं कालवण खाल्लं. दिवसभर तुम्ही मला कामाला जुंपलंत.

"कडी माप."

मी एक कडी मापली.

"येक मापून मानूस फसतो. धा ताणून माप. मग धानं भाग."

भागाकार म्हटल्यावर मला घाम फुटला. तुम्ही बघितलंत, पण हसला नाहीत. फूटपट्टी पुढं सरकवून म्हणालात, "हितं अपूर्णांक कागदावर न्हाईत गड्या, डोळ्याफुडं हायेत. अर्धा सूत दाव बरं." मी दाखवला. मास्तरांनी वर्षभर छडी मारून जे शिकवलं नाही ते त्या पट्टीवर अर्ध्या तासात कळलं. आज इथं साहेब लोक मला मापं घ्यायला सांगतात, तेव्हा दरवेळी वाटतं की सातवीचा वर्ग मागं कुठं तरी बसून बघतोय.

आणि ती तुमची दुसरी पट्टी! मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तर दोन्हींवरची एक फुटाची रेघ जुळेना.

"तात्या, ही पट्टी खोटी हाय."

"खोटी न्हाई, फौंड्रीची हाय. वतलेलं लोखंड गार व्हताना आकसतं. किती आकसनार त्ये हिच्यात आदीच धरलंय. नमुना हिच्या मापानं थोरला करायचा, मंग चाक बराबर मापाचं निघतं."

"मग खरं माप कवा कळतं?"

"गार झाल्यावर."

मी विचारलं, चाकावर सगळ्या कड्या आडव्याच का निजत नाहीत, एक आडवी एक उभी अशी का? तुम्ही इतके हसलात की डोळ्यांना पाणी आलं. मग दोन कड्या माझ्या हातात दिल्यात. "निजीव बरं दोनी." मी बराच वेळ झटत होतो. एकीत एक अडकवलेल्या दोन कड्या एकाच पातळीत निजतच नाहीत, हे मला हातांनी कळलं. तुम्ही म्हणालात, "निजलेली घरात, उभी दारात. तिला दारातनं जायला मधी गाळा ठिवायचा." तेव्हापासून मी त्या खळग्यांना घरंच म्हणतो. इथली मल्याळी पोरंसुद्धा आता 'घर' म्हणतात, अर्थ न कळता.

चाक ओतून झालं. माझा तुकडा त्यावर बसवून पाहिला. कडी घरात बसताना जो आवाज झाला तो टणक नव्हता, मऊ होता. तुम्ही मान हलवलीत. अण्णांनी स्वतः येऊन पाहिलं आणि म्हणाले, "तात्याचं काम. बघायचं काय त्यात?"

चाक बसवायला तुम्ही स्वतः आलात. जन्मात कधी नावेत बसला नव्हतात. तराफ्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढल्यात. बापू म्हणाले, "आवं मिस्त्री, देऊळ न्हाई ह्ये." तुम्ही म्हणालात, "काम करायची जागा हाय न्हवं?" आणि चपला काठावरच ठेवल्यात.

मधल्या पाण्यात आलो. वारा होता. पाण्याखाली बुडालेल्या रानातले झाडांचे वाळके शेंडे एका अंगाला वर आलेले, तिकडं वारा ढकलत होता. बापू म्हणाले, सोड. मी ब्रेक सैल केला. पहिली कडी बसली, दुसरी घराच्या काठावर चढली, तिसरीनं उडी मारली. मग सगळी साखळीच उड्या मारत सुटली. मी ब्रेक आवळला. ब्रेकनं चाकाला धरलं, पण चाकानं साखळीला धरलंच नाही. नांगर तळाला गेला तरी वारा तराफ्याला नेतच होता आणि साखळी पेटीतून सुटतच होती. बापू ओरडत होते. मला एवढंच आठवतं की तुम्ही त्या साखळीकडं बघत होता, ओठ हलत होते. कड्या मोजत होता काय?

आणि मग, जवळजवळ संपता संपता, खाडकन चाकानं साखळी धरली. असा हिसका बसला की आम्ही सगळेच पडलो. तुम्ही सिमेंटच्या पोत्यावर. पांढरा सदरा राखाडी झाला. झाडांचे शेंडे तराफ्यापासून दोन हातांवर होते.

वर ओढतानाही तसंच. आधीचा काही भाग शहाण्यासारखा आला, मग परत उड्या. शेवटी हातांनी ओढली. तुम्ही उकिडवे बसलात आणि ओल्या साखळीची एक कडी चिमटीत धरून अंगठ्यानं गंज पुसलात.

बापू माझ्या अंगावर आले. "ह्या मेंढक्यानंच कायतरी घोळ घातला आसंल! साखळी ह्याच्याच ताब्यात. बोल रं! चालता व्हय हितनं!"

मी साखळी गोळा करत राहिलो. घरी बहीण लग्नाची होती. मला दुसरं काही काम येत नव्हतं. तुम्ही कडी खाली ठेवलीत, हात पुसलेत आणि म्हणालात,

"त्याला बोलू नगा. नमुना चुकला माजा."

तुमच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

चाक काढून तुम्ही सांगलीला नेलंत. जाताना मला फक्त एवढं म्हणालात, "बिऱ्या, साखळीची टोकं बदल. आतलं भायेर घे, भायेरलं आत. येकाच बैलाला किती दिस जुपायचं?" मी बदलली. आठवड्यानं चाक आलं, तांबडा रंग दिलेलं. बसवलं. साखळी अशी चालली की बापू म्हणाले, चूक केली खरी, पण म्हाताऱ्यानं निस्तारली. मीही तेच समजलो. तुम्ही चाक घासून नीट केलं असणार.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मी चाकाचा रंग खरवडला. नवा द्यायचा होता. घरांच्या आत बोट फिरवलं आणि थांबलो. तुम्हीच शिकवलं होतं: ओतीव लोखंडाची साल खरखरीत असते, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. कानस लागली की ती जाते आणि चकाकी येते. पाचही घरांत साल जशीच्या तशी होती. तिसऱ्या घरात ओततानाचा एक बारका खड्डा होता, तोही जागच्या जागी. त्या चाकाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. तुम्ही नुसता रंग दिला होता.

मी त्या दिवशी तापलेल्या पत्र्यावर बसून सगळं जुळवत गेलो. चाक कोऱ्या कड्यांना बरोबर होतं, म्हणूनच कोरा भाग आल्यावर त्यानं साखळी धरली. टोकं बदलल्यावर कोरा भाग रोजच्या कामात आला, म्हणून सगळं नीट चाललं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. नमुना चुकला नाही हे ठाऊक असून तुम्ही तो चुकला म्हणालात.

पण कळलं कधी, तात्या? हिसका बसला तेव्हा? की चिमटीत कडी धरलीत तेव्हा? की त्याही आधी, तुमच्या खिडकीशी? वापरलेल्या कडीच्या टोकांना आतून चकाकी असते. माझ्या तुकड्याला ती नव्हती. तुमच्या डोळ्यांतून ते सुटलं असेल, असं मला अजून खरं वाटत नाही. मग 'समदी अशीच हाय न्हवं?' हे तुम्ही साखळीबद्दल विचारलं होतं, की मला नाही म्हणायची एक संधी दिली होती? हा प्रश्न मी इतकी वर्षं घेऊन फिरतोय. विचारायला दोनदा आलो.

पहिल्यांदा आलो तेव्हा फौंड्रीत चहाची वेळ होती. साचे भरणारा एक मोल्डर नव्या नमुन्याकडं बोट करून ओरडला, "तात्याचा हाय रं! आदी साखळी लावून बघा!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग सुनंदानं हळूच सांगितलं की अण्णा आता तुमचे नमुने दुसऱ्याकडून परत मोजून घेतात.

ते ऐकून मी तुमच्या घरातून जेवल्याशिवाय निघालो. पोट दुखतंय म्हणालो होतो. खोटं होतं तेही.

कारण त्या चार दिवसांत तुम्हीच मला तुमच्या वडिलांचं सांगितलं होतं. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यांनी गावकीची कामं एका दिवसात सोडली, गावानं तोंड फिरवलं, आणि त्यांनी तिशीनंतर रंधा हातात धरला. ते तुम्हाला म्हणायचे, "आपल्या हातचं माप कुनी परत मोजू नये, असं काम कर." तुम्ही तीस वर्षं तसं केलंत. आणि धरणावरच्या एका भित्र्या माणसाची नोकरी राहावी म्हणून ते सोडून दिलंत.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा आपण घाटावर बसलो होतो. मी म्हणालो, "तात्या, त्या साखळीचं..." तुम्ही मध्येच म्हणालात, "कुठली साखळी? तुज्या अर्जाचं काय झालं त्ये सांग." बोटींच्या यार्डात माणसं घेतात हे तुम्हाला कुणाकडून तरी कळलं होतं, अर्ज तुम्ही लिहिला होता, 'ह्यास मापे अचूक घेता येतात' असं त्यात घातलं होतं. मी त्या एका ओळीवर इथं चिकटलो. त्या ओळीसमोर माझं खोटं मला बोलवलं नाही.

आपलं एक भांडण मात्र राहिलंच. मी पत्रातून तुम्हाला लिहायचो, साखळी लांबली तर तिच्या मापाचं चाक करून द्यावं, गरिबाला नवी साखळी कुठली? तुम्ही लिहायचात, झिजलेल्याच्या मापानं नवं करू नये, ते उद्या आणखी झिजेल. इथं तुमच्याच बाजूनं निकाल लागतो. दहा कड्या ठरल्यापेक्षा लांब भरल्या की साखळी मोडीत. तरी इथल्या एका म्हाताऱ्या मासेमाऱ्याला मी चोरून जुनी साखळी टोकं फिरवून दिली. अजून चालते. हे तुम्हाला लिहायचं म्हणून कार्ड आणलं होतं. ते कोरंच आहे.

तुम्ही म्हणाल, झालं गेलं, बिऱ्या, माझ्या माघारी कशाला उकरतोस. तुम्ही माझ्यासाठी ती चूक अंगावर घेतलीत, ते तुम्ही मला दिलेलं दान होतं, मी ते मोडतोय. खरं आहे. पण तुम्ही मला मापं शिकवलीत आणि आता मलाच चुकीच्या मापावर गप्प बसायला सांगता, हे मला जमत नाही. या बाबतीत तुमचं ऐकत नाही. रागवा.

सुनंदा, इथून पुढं जरा मोठ्यानं वाच. मागं बसलेल्यांना ऐकू जाऊ दे.

अण्णा, आणि फौंड्रीतली सगळी मंडळी. तराफ्याच्या चाकाचा नमुना चुकला नव्हता. साखळीचा तुकडा मी चुकीच्या टोकाचा आणला, आणि तात्यांनी विचारल्यावर खोटं बोललो. माझी नोकरी वाचावी म्हणून त्यांनी चूक स्वतःवर घेतली. तराफा अजून चालतो, चाक तेच आहे. ज्याला खात्री करायची त्यानं पाटणला जावं, रंग खरवडावा आणि घरांत बोट घालून बघावं. कानशीचा एक ओरखडा सापडला तर मला खोटा म्हणा. बापूंनाही मी वेगळं पत्र लिहितो आहे.

आणि अण्णा, सुनंदा लिहिते की नमुन्यांच्या कोठीत तो लाकडी नमुना अजून आहे, त्यावर पुन्हा ओतू नये म्हणून तांबडी काट मारलेली आहे. ती ठेवायची की पुसायची ते तुम्ही ठरवा. पुसणार असाल तर काचपेपरनं, अगदी हळू पुसा. रंधा लावू नका. त्याचं माप बरोबर आहे, ते जाईल.

तुमचा,
बिरा